फेअरिंग ब्रॅकेटची दुरुस्ती
लांब पल्ल्याच्या मोटारसायकलीच्या पुढच्या भागावर वारा अडवणारे प्लॅस्टिकचे आवरण असते, त्याला फेअरिंग म्हणतात. हे आवरण चासीला धरून ठेवणारी लोखंडी, ॲल्युमिनियमची वा प्लॅस्टिकची चौकट म्हणजे ब्रॅकेट. ती तुटल्यावर जोडण्याचे काम ही वेल्डर, फिटर आणि प्लॅस्टिक-दुरुस्तीवाला अशा तिघांची कामगिरी आहे; बहुतेक गॅरेजांत ती एकालाच करावी लागते.

कारखान्यातूनच पूर्ण फेअरिंग लावून आलेली प्रवासी मोटारसायकल म्हणून बीएमडब्ल्यूची आर 100 आरएस (1976) प्रसिद्ध आहे. भारतात हीरो होंडा करिझ्मा (2003) आणि बजाज पल्सर 220 (2007) यांनी अर्धी फेअरिंग रुळवली. या गाड्यांत हेडलाइट हँडलबरोबर वळत नाही, तो चासीला बांधलेला असतो. त्यामुळे ब्रॅकेट तुटले की नुसता खडखडाट होत नाही, रात्री प्रकाशाचा झोतही थरथरतो.

भिवंडी (जि. ठाणे) येथे या दुखण्याला वाव भरपूर. चिंचोटी–अंजूरफाटा आणि भिवंडी–वाडा–मनोर हे रस्ते खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध आहेत आणि त्यांवर गोदामांकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची वर्दळ असते. समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोक याच तालुक्यात आमणे येथे आहे. इगतपुरी–आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा जून 2025मध्ये खुला झाला. पण त्यावर दुचाकींना बंदी आहे. नाशिकला निघालेल्या मोटारसायकलस्वाराला पडघा, शहापूर, कसारा घाट हीच जुनी वाट.

एका दणक्याने ब्रॅकेट क्वचितच तुटते. आधी बोल्टखालचे रबरी बुश कडक होते किंवा हरवते. मग लोखंडाला लोखंड भिडते, आवाज थांबवायला कोणीतरी बोल्ट आणखी आवळतो आणि भोकाच्या कडेला किंवा जुन्या वेल्डिंगच्या काठाला बारीक तडा जातो. इंजिनाच्या कंपनाने तो वाढत राहतो. उभी गाडी कलंडली तर मात्र आवरणाचे प्लॅस्टिकचे कान आधी मोडतात.

लोखंडी ब्रॅकेट गाडीवरून उतरवूनच जोडावे. गाडीवरच वेल्डिंग केले तर वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) धोक्यात, शिवाय पेट्रोलची टाकी हाताशीच. रंग आणि गंज खरवडून तड्याचे टोक शोधतात, कड तिरकी घासतात, आवरण जागेवर लावून मापे जुळवतात आणि टाके मारून मगच पूर्ण वेल्डिंग करतात. ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग पुरता सुकू द्यावा. काही क्लीनरांतील क्लोरीनयुक्त द्रव वेल्डिंगच्या उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू तयार करतात. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागते.

प्लॅस्टिकच्या भागावर आतल्या बाजूला असलेला प्लॅस्टिकच्या जातीचा शिक्का वाचावा. एबीएस असेल तर त्याच प्लॅस्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून भरता येतो, आतून पोलादी जाळी गरम करून बसवली की जोड टिकतो. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर ॲसिटोन आणि साधे गोंद कामाचे नाहीत. त्याच जातीची कांडी वितळवून भरावी लागते. फेविक्विक आणि खाण्याचा सोडा यांचा लेप घरी पोहोचवतो, पण तो कडक असल्याने हादऱ्याला पुन्हा चिरतो.

भिवंडी यंत्रमागांचे गाव. माग दिवसरात्र हादरतात, त्यांचे बिडाचे भाग तडकतात. लेथ आणि वेल्डिंगच्या दुकानांना हे काम जुने आहे. तिथे ब्रॅकेट नेले तर जोड पक्का मिळतो, कधी गरजेपेक्षा जास्तच. बिडाला शोभणारी जाड पट्टी पातळ नळीवर चढवली की वाकण्याचा सगळा ताण पट्टीच्या काठाशी जमतो आणि पुढचा तडा तिथे जातो. अपघातात आधी हलके ब्रॅकेट वाकावे, हे सोयीचेच असते. ते फार भक्कम केले तर मार ब्रॅकेट जिथे बसते त्या चासीच्या गळ्यावरील पकडीला बसतो. ती पकडच तडकली असेल तर प्रश्न चासीचा झाला, ब्रॅकेटचा उरला नाही. ते काम नाक्यावरच्या वेल्डरकडे देऊ नये.

जोडणी करताना आधी सर्व बोल्ट सैल लावतात, आवरणाच्या फटी सारख्या करतात, नंतर आवळतात. नव्या रबरी बुशमध्ये धातूची नळी घालायची असते. बोल्ट तिच्यावर आवळला जातो आणि रबर चेपत नाही. दुरुस्तीत सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त वेळा विसरला जाणारा भाग म्हणजे ही नळीच.