आज्ञापत्रातले आंबे-फणस

आज्ञापत्रातला झाडांविषयीचा उतारा मराठीच्या विद्यार्थ्याला बहुधा परिचित असतो. पर्यावरणदिनी तो शिवकालीन वृक्षप्रेमाचा दाखला म्हणून हमखास पुढे केला जातो. आम्हांला मात्र त्याचे मोल जरा निराळ्या जागी दिसते.

रामचंद्रपंत अमात्यांनी हा ग्रंथ १७१५ च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी सिद्ध केला. शिवकालीन राजनीतीचा वारसा त्यात आहेच. पण हा उतारा येतो तो आरमाराच्या प्रकरणात, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. विषयाचा उगम गरजेत आहे. तारवांना लाकूड हवे, ते आणावे कोठून? अमात्य सांगतात, राज्यातल्या अरण्यातला साग वगैरे परवानगीने तोडावा, उणे पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे, तरी त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे दीर्घकाळ वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जुलूम करू नये.

ही भाषा निसर्गपूजकाची नाही, कारभाऱ्याची आहे. तोडणे निषिद्ध नाही. पण तोडणाऱ्याला कोणाच्या तरी दारात जाऊन विचारावे लागते, आणि समोरच्याला नाही म्हणता येते.

ते दारच पुढे बंद झाले. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. गिब्सन वनसंरक्षक झाले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरांची भूक वाढतच गेली. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलातला गावकऱ्यांचा पूर्वापार वावर हा हक्क न राहता सरकारची मेहेरबानी ठरला. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा जंगलखात्याने डोंगर-टेकड्या आणि गायराने घशात घातल्याची तक्रार त्यांनी कमालीच्या त्वेषाने मांडली. शेतकऱ्याची शेळी चरायची कोठे, हा त्यांचा सवाल साहित्याच्या वर्गात फारसा चर्चिला जात नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

परंतु सारा दोष परकीय सत्तेच्या माथी मारून आपली सुटका होत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या धाकाने शतकानुशतके राखलेल्या या राया स्वातंत्र्यानंतरही कमी होत राहिल्या. कोकणात तर काही ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठीच राईतली झाडे विकली गेली. त्या जीर्णोद्धाराला मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीचा हातभार असतो, आणि ती देणाऱ्यांत आमच्यासारखे लिहिते-वाचते लोकही असतात. अमात्यांनी धन्याला राजी करा म्हटले होते. इथे धनी देव. त्याच्या वतीने नाही म्हणण्याचा अधिकार गावाइतकाच वर्गणी देणाऱ्यालाही आहे, आणि पावती फाडण्यापूर्वी पैसे झाडे तोडून उभ्या राहणाऱ्या सभामंडपाला जाणार आहेत का, एवढे विचारायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.