प्लेगनंतरची मुंबई : कर्ज, उजेड आणि वारा

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतील रुग्णांना गाठीचा प्लेग झाल्याचे निदान केले आणि पुढील काही महिन्यांत लाखो रहिवासी मुंबई सोडून गेले. गिरण्यांना कामगार मिळेनात, बंदरातला व्यापारही अडखळला. साथ घाणीतून व कोंदट हवेतून फैलावते अशी अधिकाऱ्यांची समजूत असल्यामुळे दाट वस्त्या मोकळ्या करणे हाच शहर सावरण्याचा मार्ग ठरला आणि १८९८ च्या कायद्याने मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.

ट्रस्टची अर्थव्यवस्था तीन आधारांवर उभी होती : सरकारने आणि महापालिकेने स्वाधीन केलेल्या जमिनी, महापालिकेच्या उत्पन्नातून मिळणारा हिस्सा, आणि कर्जरोखे, म्हणजे ठरावीक व्याज देऊन मुदतीअंती परत करावयाच्या कर्जाचे दस्त. या पैशातून जुन्या वस्त्या संपादन करून पाडायच्या, रस्ते काढायचे आणि नवे भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊन त्या भाड्यातून कर्ज फेडायचे, असा हा व्यवहार होता.

समुद्रावरचा वारा दाट वस्तीत पोहोचावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड आखले गेले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहाने मांडला. खोलीत उजेड यावा यासाठी समोरच्या इमारतीच्या उंचीच्या किमान निम्मी जागा मोकळी सोडावी, म्हणजे ४० फूट भिंतीपुढे २० फूट अंतर ठेवावे, असा त्याचा साधा हिशेब होता. दादर-माटुंगा योजनेत रुंद रस्ते आणि झाडे आली, पारशी कॉलनीला पाच उद्याने लाभली.

मात्र कर्जफेडीचा भार भाड्यावर असल्यामुळे हे मोकळे भूखंड मुख्यतः ऐपतदार मध्यमवर्गाच्या वाट्याला गेले. ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या, आणि परळच्या अशाच एका बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनेक वर्षे वास्तव्य होते. तरीही सुरुवातीच्या काळात पाडापाडीच्या मानाने नवे बांधकाम मागे राहिले आणि उठवलेली बिऱ्हाडे शेजारच्या वस्त्यांत शिरल्याने तिथली दाटी वाढली. शिवाय प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पुढील संशोधनातून सिद्ध झाल्यावर मूळ समजुतीचा पायाच ढासळला, पण उजेड आणि मोकळी हवा यांचे मोल त्यामुळे कमी झाले नाही. १९३३ मध्ये ट्रस्टचा कारभार महापालिकेत विलीन झाला.

कोविडच्या साथीनंतर युरोपीय संघाने आर्थिक पुनरुत्थानासाठी हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांपुरतेच वापरायचे कर्ज, उभारले. भारत सरकारनेही जानेवारी २०२३ मध्ये आपले पहिले हरित रोखे विक्रीस काढले. अशा प्रत्येक योजनेसाठी मुंबईचा धडा महत्त्वाचा आहे, कारण कर्ज कोणत्या उत्पन्नातून फेडायचे हे ठरते तेव्हाच झाडांची सावली आणि मोकळी हवा कोणाला मिळणार हेही ठरून जाते. म्हणून ज्यांची घरे जातात त्यांच्या निवाऱ्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असली पाहिजे.