केळीवरील विषाणूंचा शोध : प्रयोगशाळा पद्धतींचा ऐतिहासिक आढावा

केळीची लागवड बियांपासून न होता कंदापासून किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून होते. मूळ झाडात विषाणू असल्यास तो रोपासोबत नव्या बागेत जातो. म्हणूनच लागवडीपूर्वी रोपांची तपासणी महत्त्वाची ठरते.

प्रारंभी डोळा हेच साधन होते. ऑस्ट्रेलियात 1913 मध्ये पर्णगुच्छ रोग आढळला आणि पुढील दशकात तेथील बागा उजाड झाल्या. सी. जे. पी. मॅगी यांनी मावा हा कीटक या रोगाचा वाहक असल्याचे 1927 मध्ये मांडले. देठावरील गर्द हिरव्या तुटक रेषा ओळखून रोगट झाडे नष्ट करण्यात आली व व्यवसाय सावरला. तथापि, लक्षणे दिसण्यापूर्वीची लागण डोळ्यांना कळत नसे.

क्लार्क व अ‍ॅडम्स यांनी 1977 मध्ये एलायझा चाचणी वनस्पती-विषाणूंसाठी उपयोगात आणली. विषाणूच्या प्रथिन कवचाला प्रतिपिंड चिकटते व रंग उमटतो. 96 खळग्यांच्या एका थाळीत अनेक नमुने कमी खर्चात तपासता येतात. मात्र विषाणूचे प्रमाण अत्यल्प असल्यास तो निसटू शकतो.

कॅरी म्युलिस यांनी 1983 मध्ये कल्पिलेल्या पीसीआर पद्धतीने ही उणीव बरीच भरून काढली. ती विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती तयार करते. काकडी मोझॅक विषाणूसारख्या आरएनए विषाणूसाठी आधी आरएनएपासून डीएनए बनवावा लागतो. केळीच्या रसातील फिनॉल व शर्करायुक्त घटक या क्रियेत अडथळा आणतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

परंतु अतिसंवेदनशीलता म्हणजे अचूकता नव्हे. केळीवरील स्ट्रीक विषाणूचे जनुकीय अंश खुद्द केळीच्याच गुणसूत्रांत गुंफलेले असल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. म्युसा बाल्बिसियाना या रानकेळीचा वारसा असलेल्या जातींत प्रत्यक्ष विषाणूकण नसतानाही साधी पीसीआर ‘लागण आहे’ असे सांगू शकते. कोकणातील राजेळी याच गटातील आहे. जळगावची ग्रँड नैन मात्र नाही. यावर उपाय म्हणून प्रतिपिंडाने आधी विषाणूकण पकडून मग पीसीआर करण्याची पद्धत रूढ झाली.

भारतात 2006 पासून ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था आहे. तिच्या दाखल्यावर शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत अवलंबून असते. चुकीच्या नकाराने रोगट रोप शेतात जाते. चुकीच्या होकाराने निरोगी रोप फेकले जाते. म्हणून विद्यार्थ्यांना या पद्धती शिकवताना ‘सर्वांत नवी कोणती?’ यापेक्षा ‘ही चाचणी नेमके काय शोधते – लक्षण, प्रथिन की जनुकीय द्रव्य?’ हा प्रश्न प्रथम विचारणे अधिक उपयुक्त ठरेल.