एका शहराचे दिवाळे

दिवाळीच्या अंकात दिवाळ्याची गोष्ट सांगावी, हे कित्येकांना अशुभ वाटेल. पण हे दिवाळे एखाद्या पेढीचे नसून अख्ख्या शहराचे आहे. १८ जुलै २०१३ रोजी मोटारींचे माहेरघर जे डेट्रॉइट, त्याने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज गुदरला, तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे १,८०० कोटी डॉलरांचे कर्ज होते.

अमेरिकेतील ती मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ मध्ये संपली, असे अर्थपंडितांनी ठरविले. 'ठरविले' असे मी मुद्दाम म्हणतो. कारण कागदावर मंदी सगळीकडे एकाच दिवशी संपते, गावोगाव मात्र ती आपल्या सवडीने जाते. वॉशिंग्टनला सरकारी नोकऱ्यांचा आधार होता, ह्यूस्टनला तेलाचा. ती लवकर सावरली. लास व्हेगासात घरांच्या किमती निम्म्याहून खाली कोसळल्या. डेट्रॉइटात तर २००९ साली जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोन बड्या कंपन्यांनीच दिवाळखोरीचा आश्रय घेतला आणि शहरातील कामकऱ्यांपैकी चौघांत एकजण तरी बेकार झाला.

त्याच वर्षी सप्टेंबरात जगातील वीस बड्या अर्थव्यवस्थांचे पुढारी जमले ते पिट्सबर्गात! पोलादाचे हे जुने गाव. १९०२ साली जमशेटजी टाटा अमेरिकेस गेले, तेव्हा पोलादाच्या कारखान्यासंबंधी त्यांनी येथल्याच ज्युलियन केनेडी या अभियंत्याचा सल्ला घेतला होता. मग मंदीच्या ऐन तडाख्यात हे गाव उभे कसे राहिले? माझे उत्तर थोडे क्रूर आहे: ते आधीच एकदा मरून चुकले होते. १९८० नंतर भट्ट्या एकामागून एक विझल्या. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ साली बंद पडला. तरणीताठी माणसे गाव सोडून गेली. १९५० साली पावणेसात लाखांचे असलेले शहर २०१० साली तीन लाखांवर आले. मागे राहिली ती विद्यापीठे आणि रुग्णालये. ज्या विद्यापीठात साल्क यांनी पोलिओची लस तयार केली, त्याच्याच भोवती नवे पोट भरण्याचे साधन उभे राहिले. २००८ साली पोलाद कंपनीच्या उत्तुंग इमारतीच्या माथ्यावर रुग्णालयसंस्थेची अक्षरे चढली. कादंबरीकाराने असे प्रतीक योजले असते, तर टीकाकारांनी त्याला झोडपले असते.

डेट्रॉइटचे मरण मात्र सावकाशीचे होते. साडेअठरा लाखांची वस्ती साठ वर्षांत सात लाखांवर आली. गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, त्यांच्यामागून कारखाने आणि दुकाने गेली, कर गेला; रस्ते, दिवे आणि निवृत्तांची देणी तेवढी शहरात राहिली. १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे मेली, त्यानंतर हा ओघ अधिकच वाढला. मंदीने शेवटचा धक्का दिला, एवढेच.

सावकारांची दृष्टी शेवटी शहराच्या कलासंग्रहालयाकडे वळली. तेथे व्हॅन गॉग आहे, ब्रॉयगेल आहे. आणि दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये, म्हणजे आणखी एका महामंदीत, भिंतींवर रंगविलेले मोटार-कामगार आहेत. चित्रे विकावीत की म्हाताऱ्यांचे पेन्शन तोडावे, असा तो पेच होता. पेन्शनवर जगणाऱ्या कुणाही शिक्षकाला त्यातली बोच समजावून सांगायला नको. अखेर धर्मादाय संस्था आणि राज्य सरकार यांनी पैसा घातला. चित्रे वाचली, सामान्य निवृत्तांचे पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापले गेले, शिवाय महागाईनुसार मिळणारी वाढ बंद झाली. डिसेंबर २०१४ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर आले. १९८८ पासून ओसाड पडलेले भव्य रेल्वे स्टेशन फोर्ड कंपनीने विकत घेतले आणि २०२४ साली ते पुन्हा उघडले.

आणि पिट्सबर्ग? त्याच्या शेजारी ब्रॅडक नावाचे गाव आहे. कार्नेगीचा पहिला मोठा पोलाद कारखाना तेथे १८७५ साली सुरू झाला. अमेरिकेतले त्याचे पहिले ग्रंथालयही तेथलेच. शहराला तारणाऱ्या त्या रुग्णालयसंस्थेने ब्रॅडकचे रुग्णालय जानेवारी २०१० मध्ये बंद केले. भट्टी मात्र त्यानंतरही पेटतीच राहिली.