गोलरक्षक रिचर्ड ॲलन

हॉकीचा विषय निघाला कीं ध्यानचंदांचें नांव ओठांवर येतें, आणि तें योग्यच आहे. परंतु संघाच्या पाठीमागें एकटा उभा राहणारा गोलरक्षक सहसा कोणाला आठवत नाहीं.

रिचर्ड जेम्स ॲलन यांचा जन्म 1902 सालीं नागपुरास झाला. शिक्षण मसुरीजवळील ओक ग्रोव्ह शाळेंत. ती रेल्वेनें आपल्या नोकरांच्या मुलांसाठीं काढली होती. पुढें कलकत्त्यास ते पोर्ट कमिशनर्सच्या संघांतून खेळले.

1928 सालीं ॲम्स्टरडॅम येथें भारतानें पांच सामन्यांत 29 गोल केले. ॲलनवर एकहि झाला नाहीं. 1932 सालीं लॉस एंजलिसला भारतानें अमेरिकेवर 24 गोल चढविले, त्यांना परत मिळाला एक. त्या वेळीं ॲलन जागा सोडून प्रेक्षकांस स्वाक्षऱ्या देत होते, अशी आख्यायिका आहे. इतक्या एकतर्फी सामन्यांत बिचाऱ्या गोलरक्षकानें करावें तरी काय! 1936 सालीं बर्लिनच्या अंतिम सामन्यांत जर्मनांनीं एक गोल केला, भारतानें आठ.

1928 च्या संघांत निम्म्याहून अधिक खेळाडू ॲलनप्रमाणेंच अँग्लो-इंडियन होते. 1947 नंतर त्या समाजांतील पुष्कळ कुटुंबें देश सोडून गेलीं, आणि त्यांच्याबरोबर हीं नांवेंहि आपल्या बोलण्यांतून गेलीं.