इन्स्ट्रक्शन म्हणजे नेमकं काय? कंपायलरच्या पोटातल्या शब्दांचा इतिहास

आजचा भाग एकाच शब्दाबद्दल आहे: 'इन्स्ट्रक्शन'. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मलाही तसंच वाटायचं. मंगरूळपीरला दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, पुढे बीटेकला गेलो आणि तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत याच शब्दाने माझी विकेट काढली.

प्रॅक्टिकल होतं असेंब्लर लिहायचं. माझा असेंब्लर चालत होता, पण एका ओळीवर गडबड करत होता. त्या ओळीत फक्त एका नावाला पत्ता द्यायचा होता आणि हा बहाद्दर तिथे रजिस्टर भरायचा कोड काढून मोकळा! सरांनी विचारलं, "ईक्यूयू ही इन्स्ट्रक्शन आहे का?" मी ठोकून दिलं, "हो सर." त्यांनी फाइल मिटली.

महाराष्ट्रात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या बऱ्याच जणांना हे प्रॅक्टिकल माहीत असेल. त्यामागे आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहिलेले धनंजय ढमढेरे यांचं सिस्टीम्स प्रोग्रॅमिंगचं पुस्तक आहे. त्यांनी शिकवण्यासाठी एक काल्पनिक, छोटीशी असेंब्ली भाषा बनवली. तिच्यातल्या ओळींचे तीन गट: इम्परेटिव्ह म्हणजे आयएस, डिक्लेरेशन म्हणजे डीएल आणि असेंब्लर डायरेक्टिव्ह म्हणजे एडी.

हे मला पुस्तकातून नाही, लग्नातल्या आचाऱ्याकडून समजलं. त्याला दिलेल्या यादीत काय काय असतं? 'कांदा चिरा', 'डाळ शिजवा' ही कामं. ती लग्नाच्या दिवशी खरोखर होतात. हे झालं आयएस. 'दोन मोठी पातेली रिकामी ठेवा', 'पाच किलो साखर आणून ठेवा' ही तयारी, हे डीएल. आणि 'चुली मांडवाच्या मागच्या कोपऱ्यापासून लावा' हे फक्त यादी वाचणाऱ्यासाठी. पंगतीत ते कोणी वाढत नाही. हे एडी.

आता माझी चूक बघा. आयएस गटात ०४ म्हणजे 'मूव्हर', मेमरीतली किंमत रजिस्टरमध्ये आणा. एडी गटातही ०४ आहेच, पण तिथे तो 'ईक्यूयू', म्हणजे या नावाला हा पत्ता द्या. आकडा एकच, गट वेगळा. मी दुसऱ्या पासमध्ये गट न बघता फक्त आकडा वाचला. म्हणजे यादी वाचणाऱ्यासाठीची सूचना मी थेट ताटात वाढली. पाठांतर पूर्ण होतं, शब्दाचा अर्थ कळला नव्हता.

जरा मागे जाऊया. १९४९ साली केंब्रिजमध्ये एडसॅक नावाचं यंत्र सुरू झालं. तिथली माणसं इन्स्ट्रक्शनला म्हणायची 'ऑर्डर'. डेव्हिड व्हीलरने सुरुवातीला चालणारा जो छोटा प्रोग्राम लिहिला, त्याचं नावच 'इनिशियल ऑर्डर्स'. बेरजेसाठी 'ए', वजाबाकीसाठी 'एस' असं अक्षर टेपवर टाकायचं. आपल्या मराठीत प्रोग्रामला 'आज्ञावली' म्हणतात ना, ते या जुन्या 'ऑर्डर'च्या किती जवळ आहे!

तीच गंमत 'कंपायलर'ची. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास 'ए-०' बनवलं. ते आजच्यासारखं भाषांतर करत नव्हतं. आधीच लिहून ठेवलेले छोटे प्रोग्राम क्रमांकावरून शोधून एकत्र जोडत होतं. कंपाइल म्हणजे गोळा करणं, संकलन करणं. मराठीत 'संकलक' शब्द वाचून मी हसायचो. पण मुळातलं काम तर तेच होतं!

पुढे कंपायलर मोठे झाले आणि सोर्स कोड व मशीन यांच्यामध्ये पायऱ्या आल्या. तिथे 'इन्स्ट्रक्शन' शब्द प्रत्येक पायरीवर रंग बदलतो. जीसीसीमध्ये आधी 'गिंपल'ची स्टेटमेंट्स असतात, खाली 'आरटीएल'मध्ये त्यांना 'इन्सन' म्हणतात आणि शेवटी असेंब्लीची ओळ निघते. एलएलव्हीएममध्ये वर 'इन्स्ट्रक्शन', खाली 'मशीनइन्स्ट्र', आणखी खाली 'एमसीइन्स्ट'. एलएलव्हीएम ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी इलिनॉय विद्यापीठात सुरू केलं. अडवे बीटेकला आयआयटी मुंबईत होते.

वरच्या पायरीवर 'फाय' नावाची इन्स्ट्रक्शन भेटते. दोन वाटा जिथे एकत्र येतात, तिथे 'ज्या वाटेने आलास त्या वाटेची किंमत घे' एवढंच ती सांगते. आपण रोज वापरतो त्या प्रोसेसरमध्ये अशी इन्स्ट्रक्शन नसते. कंपायलरला विचार करता यावा म्हणून ती आहे. मशीनपर्यंत पोचण्याआधी ती विरघळते, तिच्या जागी साधे मूव्ह येतात किंवा काहीच येत नाही.

ढमढेरे यांचं संशोधनही याच मधल्या पायरीवरचं. समजा 'अ + ब' एका वाटेवर आधीच काढलंय, दुसऱ्या वाटेवर नाही आणि पुढे ते पुन्हा लागतं. मग दुसऱ्या वाटेवर आधीच काढून ठेवा, पुढची बेरीज काढून टाका. मोरेल आणि रेनव्हाज या दोघांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली. ढमढेरे यांनी १९८८ आणि १९९१ च्या निबंधांत तिच्यात सुधारणा केल्या. त्यांच्यासोबत याच विषयाचा सिद्धांत मांडणारे उदय खेडकर यांनी पुढे आयआयटी मुंबईतच जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं आणि कार्यशाळांमधून जीसीसीच्या आतल्या पायऱ्या विद्यार्थ्यांना उलगडून दाखवल्या.

मी हे का सांगतोय? कारण आपल्याकडची पोरं या टप्प्यावर गप्प बसतात. शब्द इंग्रजी आहे, म्हणजे बाकी सगळ्यांना कळलाच असणार आणि आपणच मागे आहोत, असं वाटतं. मी पण वर्गात हात वर केला नव्हता. पण तोच शब्द केंब्रिजमध्ये वेगळा होता, जीसीसीत वेगळा आहे, एलएलव्हीएमच्या तीन पायऱ्यांवर तीन वेगळे आहेत. गोंधळ शब्दातच आहे, तुमच्या डोक्यात नाही.

म्हणून कोणी 'इन्स्ट्रक्शन' म्हणालं की दोन प्रश्न विचारा: ही कोणत्या पायरीवरची? आणि ही पाळणार कोण, प्रोसेसर की कंपायलर?

परवा गावाकडून मावसभावाचा फोन आला होता. त्याचं तेच प्रॅक्टिकल, तीच अडचण. म्हणाला, "दादा, आउटपुट चुकून राह्यलं, काय करू?" मी म्हटलं, "आधी सांग, ०४ च्या पुढे काय लिवलं हाय, आयएस का एडी?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "अरे बाप्पा!"

चला, भेटूया पुढच्या भागात.