एका दिवसाची चार वर्षे

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे हरले. त्या रणातून जिवंत परतलेल्यांत विंचूरचे सरदार विठ्ठल शिवदेव होते. त्यांच्या काळच्या हिशेबात हा दिवस होता शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. शिवरायांच्या राज्याभिषेक शकाचे ८७वे वर्ष चालू होते, फसली सन ११७० आणि पेशवे दफ्तराचा सुहूर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. पेशवाईतले कारकून अरबी आकडे असे अक्षरी, एकं आधी धरून, मोडीत लिहीत.

एवढ्या कालगणना कशाला? धर्मकृत्यांना तिथी हवी, ती पंचांगातून मिळे. चांद्रमास ऋतूंपासून सुटू नयेत म्हणून १९ वर्षांत ७ अधिक मास धरले जात. हिजरी वर्षात अधिक मास नाही. ते ३५४ दिवसांचे, त्यामुळे दर वर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकते. वसूल मात्र पिकावर. म्हणून सुहूर आणि फसली ही सौर वर्षे मृगाला सुरू होत, पेरणीच्या तोंडावर. हिजरीचे आकडे शेताच्या चक्राला जोडण्याची ही तोड मला फार शहाणपणाची वाटते.

मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनीही एकावर भागवले नाही. विधींसाठी १३ अंक आणि २० दिननामांची २६० दिवसांची गणना, तर ऋतूंसाठी २० दिवसांचे १८ महिने आणि वर ५ दिवस, असे ३६५ दिवसांचे वर्ष. दोन्ही चाके मूळ जागी पुन्हा जुळायला १८,९८० दिवस लागत, म्हणजे ५२ वर्षे. अझ्टेकांकडे हे आवर्तन संपताना घरोघरची चूल विझवून नवा अग्नी पेटवत. असा शेवटचा विधी १५०७ मध्ये झाला.

आपल्याकडे संवत्सरांची नावे ६० वर्षांनी परततात. पानिपतचे ‘विक्रम’ शके १७४२ मध्ये पुन्हा आले, तेव्हा पेशवाई बुडालेली होती. नुसत्या नावावरून साल कळत नाही. शकाचा आकडा लागतोच. मायांनीही त्यासाठी इ.स.पू. ३११४ पासून अखंड दिवस मोजणारी दीर्घगणना ठेवली होती.

जुन्या कागदांवर काम करणाऱ्यांना हा गुंता आजही सोडवावा लागतो. सुहूर ११६१चे पत्र मार्गशीर्षातले असेल तर शके १६८२, चैत्रातले असेल तर शके १६८३.